आवाज बंद करून ओळखा पाहू: पॉप व्हिडिओंची चाकोरी आणि ती मोडणारे

तिरपी_चौकट

एक साधी कसोटी आहे. कुठलाही पॉप व्हिडिओ आवाज बंद करून वीस सेकंद बघायचा आणि गाणं कोणत्या जातकुळीचं ते सांगायचं. बहुतेक वेळा जमतं. रिकामं गोदाम, मागून निळसर झोत, केस झटकणारा गिटारवाला आणि गिटारच्या पट्टीवरच्या बोटांचे क्लोजअप: मेटल. फिशआय लेन्सने फुगलेला चेहरा, कॅमेऱ्यात घुसणारे हात: नव्वदच्या दशकातलं अमेरिकन हिपहॉप. रंगीत खोक्यांसारखे सेट आणि दर दोन ओळींनी कपडे बदलणारी सात पोरं: के-पॉप. होडी, नऊवारी, ड्रोनने वरून दिसणारा किनारा: आपलं यूट्यूबवरचं कोळीगीत.

प्रश्न असा की ज्यांनी ही चाकोरी मोडली म्हणतात, त्यांनी नक्की काय मोडलं? माझ्या मते बरेच ‘हटके’ व्हिडिओ फक्त नेपथ्य बदलतात. खालचे तीन खांब तसेच राहतात: गाणाऱ्याचा चेहरा ओठ हलवताना दिसणं, ठेक्यावर कट पडणं, आणि मुखडा परत आला की तेच दृश्य परत येणं. हे खांब हलवणारी उदाहरणं हवी आहेत. ‘भारी आहे’ एवढंच लिहू नका, का ते लिहा.

चहात_बिस्किट

काही गाणी आवाज बंद करून बघणं हा कसोटीचा नाही, सोयीचा भाग आहे. असो, चालू द्या.

बेसवाला

तिन्ही खांब एका फटक्यात पाडणारं उदाहरण घ्या. द रिप्लेसमेंट्स या अमेरिकन रॉक बँडचं ‘बास्टर्ड्स ऑफ यंग’, १९८५. काळ्यापांढऱ्या चित्रात एक स्पीकर. कॅमेरा हळूहळू मागे सरकतो, तेव्हा सोफ्यावर बसून सिगरेट ओढणारा एक माणूस दिसतो, तोही धड नाही. शेवटी तो उठतो आणि स्पीकरला लाथ घालतो. संपलं. बँड नाही, ओठ नाहीत, मुखड्याला वेगळं काही नाही.

हे १९८५ मध्ये का बोचलं, तर १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही ही संगीतवाहिनी सुरू झाल्यापासून व्हिडिओ ही रेकॉर्ड विकण्याची जाहिरातच झाली होती. जाहिरातीत माल दाखवायचा नाही, म्हणजे कंपनीच्या तोंडावर दार लावणं.

सुरपेटी

बेसवाला, पटलं, पण ते नकार देऊन मोडणं झालं. मला जास्त आवडतं ते गाण्याची रचना उघडी करून मोडणं. डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीचं ‘अराउंड द वर्ल्ड’ (१९९७, दिग्दर्शक मिशेल गाँद्री, नृत्य ब्लांका ली). रंगमंचावर एक गोल चौथरा, पायऱ्या आणि नाचणाऱ्यांच्या पाच टोळ्या. प्रत्येक टोळी एका वाद्याला बांधलेली. धिप्पाड खेळाडू म्हणजे बेस गिटार: बेसची सुरावट वर गेली की ते पायऱ्या चढतात, खाली आली की उतरतात. सांगाडे म्हणजे गिटार, ममी म्हणजे ड्रम मशीन, पोहण्याच्या वेशातल्या मुली म्हणजे वरच्या पट्टीतला कीबोर्ड आणि यंत्रमानव म्हणजे तो व्होकोडरमधला, यंत्रासारखा केलेला आवाज.

आवाज बंद करून बघा. बेस कुठे थांबला ते डोळ्यांना कळतं. इथे ठेक्यावर कट मारण्याची गरजच उरत नाही, कारण ठेका माणसांच्या अंगात आहे. याच गाँद्रीने २००२ मध्ये केमिकल ब्रदर्सच्या ‘स्टार गिटार’ला हेच आगगाडीच्या खिडकीतून केलं. खांब, कारखाने, पूल, सगळे सुरांच्या जागी येतात. पहिल्यांदा बघताना निम्म्या लोकांच्या ते लक्षातही येत नाही.

कातरी

सुरपेटी, व्हिडिओ थोर आहे यात वाद नाही. पण चाकोरी मोडली म्हणणं मला मान्य नाही. इलेक्ट्रॉनिक संगीताला गाणाऱ्याच्या चेहऱ्याची सक्ती कधी नव्हतीच. डाफ्ट पंक तर स्वतःच चेहरा लपवत. ज्या प्रकारात बटणांशिवाय आणि टेबलाशिवाय दाखवण्यासारखं काही नाही, तिथे कल्पनेवर चालणारा व्हिडिओ हीच रूढी. म्हणजे गाँद्रीने त्याच्या प्रकारातला नियम उत्तम पाळला.

खरं मोडणं बघायचं तर चेहऱ्यावर जगणाऱ्या प्रकारात बघा. जॉर्ज मायकलचं ‘फ्रीडम! ’९०’, दिग्दर्शक डेव्हिड फिंचर. पोस्टरवर विकला जाणारा गायक, आणि तो व्हिडिओत नाहीच. त्याचे शब्द सुपरमॉडेल्स ओठांवर घेतात. लेदर जॅकेट, जे त्याच्या आधीच्या प्रतिमेचं चिन्ह होतं, ते पेटतं.

तिरपी_चौकट

कातरी, पण बघा, फिंचरनेही पहिला खांब पाडला नाही, भाड्याने दिला. ओठ आहेतच, फक्त दुसऱ्यांचे. ठेक्यावरचे कट तर खणखणीत. म्हणून तो व्हिडिओ एमटीव्हीवर सहज चालला. रिप्लेसमेंट्सचा तसा चालला नाही.

घाटावरचा

कसोटीलाच चकवणारं एक. रॅपर लिल नॅस एक्सचं ‘ओल्ड टाउन रोड’, २०१९, कंट्री गायक बिली रे सायरसबरोबरचा मोठा व्हिडिओ, दिग्दर्शक कॅल्मॅटिक. सुरुवात १८८९ सालात: घोडे, टोप्या, पाठलाग. आवाज बंद असेल तर कंट्रीशिवाय दुसरं उत्तरच सुचणार नाही. आवाज चालू केला की ट्रॅप या हिपहॉप प्रकारातला ८०८ ड्रम मशीनचा बेस. आणि ज्या गाण्याला बिलबोर्ड मासिकाने त्याच वर्षी मार्चमध्ये कंट्रीच्या यादीतून काढलं, त्याचा व्हिडिओ कंट्रीची प्रत्येक खूण ठासून भरतो. मोडतोड काही नाही. दुसऱ्याच्या चाकोरीत हक्काने जाऊन बसणं आहे.

बेसवाला

घाटावरचा, झकास उदाहरण. आणि कोणता प्रकार कोणाचा हे नेहमी संगीतावर ठरत नाही, याचा जुना दाखला एमटीव्हीच. सुरुवातीच्या वर्षांत ‘आमची वाहिनी रॉकची’ म्हणून कृष्णवर्णीय कलाकार जवळजवळ दिसतच नसत. १९८३ मध्ये डेव्हिड बोवीने मुलाखतीतच निवेदकाला हे सुनावलं होतं. त्याच वर्षी मायकल जॅक्सनच्या ‘बिली जीन’ने कुंपण मोडलं. तो व्हिडिओ दिग्दर्शनात काही क्रांतिकारक नव्हता. पेटणाऱ्या फरशा आणि ओठ. मोडलं ते बाहेर.

फुलपात्र

सगळे परदेशात फिरून आलात, आता इंडिपॉपकडे या. १९९५ च्या ‘मेड इन इंडिया’पासून (अलिशा चिनॉय, दिग्दर्शक केन घोष, आणि पेटाऱ्यातून निघणारा मिलिंद सोमण, ज्याच्यासाठी बऱ्याच घरांत टीव्हीचा रिमोट पळवला जायचा) एक साचा पक्का झाला: गायक किंवा गायिका, एक मॉडेल, एक गोष्ट.

त्यात दोघांनी वेगळं केलं. फाल्गुनी पाठक ‘चूडी’ (१९९८) आणि ‘मैंने पायल है छनकाई’ (१९९९) मध्ये नायिका होतच नाही. पँट-शर्टात बाजूला उभी राहून गोष्ट सांगणारी सूत्रधार. आपल्याला हे विचित्र वाटत नाही, कारण सूत्रधार अंगवळणी पडलेला. पण प्रेमगीत गाणारी बाई प्रेमकथेच्या बाहेर उभी, हे पॉपच्या हिशेबात मोठं आहे.

दुसरा दलेर मेहंदी. त्याची गाणी मॉडेल नाचतात म्हणून चालतात अशी टीका व्हायची. १९९८ च्या ‘तुनक तुनक तुन’मध्ये त्याने सगळ्या मॉडेल काढून टाकल्या आणि निळ्या पडद्यासमोर स्वतःलाच चार रंगांच्या चार पोशाखांत उभं केलं. चौघंही तोच. टीकेला दिलेलं उत्तर म्हणजे आख्खा व्हिडिओ. पुढे परदेशातल्या इंटरनेटवर तो चालला तो हसण्यासाठी, त्यांना हा संदर्भ माहीत असण्याचं कारण नव्हतं.

चहात_बिस्किट

चार दलेर म्हणजे मानधन चौपट की एकच?

फुलपात्र

भांगड्याला चौघं लागतात, चेकवर सही एकाची पुरते.

नवा_ट्रॅक

मध्येच घुसतोय. एक मराठी सिंगल करतोय, मुखड्यात गायिका स्लो मोशनमध्ये, पण ओठ मात्र गाण्याबरोबर नीट, असं हवं आहे. मोबाइलवर ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) आहे. साधा स्लो केला तर ओठ रेंगाळतात. कसं करतात?

प्रकाश_कमी_आहे

गाणं सेटवर वेगाने वाजवायचं, तितक्याच पटीत. नियम एकच: चित्रणाचे फ्रेम भागिले टाइमलाइनचे फ्रेम. ५० वर चित्रण आणि २५ ची टाइमलाइन असेल तर गाणं बरोब्बर दुप्पट वेगाने. ६० वर घेऊन २५ ला आणणार असाल तर २.४ पट, २४ ला आणणार असाल तर २.५ पट. लोक ६० वर शूट करतात, गाणं मात्र दुप्पटच लावतात आणि मग एडिटिंगला बसल्यावर ओठ मागे मागे पडत जातात. दोन मिनिटांच्या गाण्याला अडीच मिनिटांचे ओठ होतात.

तुमच्यासाठी ५० आणि २५ हीच जोडी बरी, दुसऱ्या कारणासाठीही. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. ५० एफपीएसला शटर १/१०० ठेवलं तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी लुकलुकत नाहीत. १/६० किंवा १/१२० वर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतील आणि ते नंतर काढणं महाकठीण.

क्रम असा ठेवा. आधी एडिटरकडून दुप्पट वेगाची फाइल करून घ्या, सुरुवातीला तीन बीप टाकून, म्हणजे गायिकेला कुठून उचलायचं ते कळेल. फाइलची पट्टी तीच ठेवा, सूर चढला तर आवाज कार्टूनसारखा होतो आणि गाणारी हसत सुटते. सगळं गाणं असं घेऊ नका. दुप्पट वेगात ‘ळ’, ‘ण’ आणि जोडाक्षरं असलेल्या ओळी तोंडाला झेपत नाहीत. मुखडा आणि फार तर एक ओळ. एडिट करताना क्लिप आधी मूळ वेगात, त्या दुप्पट फाइलवर जुळवा, मग दोन्ही मिळून निम्म्या वेगाने करा. थेट मूळ गाण्यावर ऑटो-सिंक लावलं तर सॉफ्टवेअरला दोन्हींत काही साम्यच सापडत नाही.

आणि मोबाइल फ्रेमरेट कमीजास्त करतो. अंधार झाला की गुपचूप खाली येतो. मॅन्युअल ॲपमध्ये फ्रेमरेट आणि शटर दोन्ही कुलूपबंद करा. तरीही फाइल आली की स्थिर फ्रेमरेटमध्ये रूपांतर करूनच टाइमलाइनवर घ्या.

कातरी

प्रकाश, यात ब्लूटूथ स्पीकरचा मुद्दा राहिला. शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो, २५ च्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे अडीच ते पाच फ्रेमचा घोळ. वायरचाच स्पीकर हवा.

प्रकाश_कमी_आहे

वायर बरीच, पण घोळ ब्लूटूथचा नसतो. गाणारी स्पीकरमधून ऐकून ओठ हलवते, कॅमेऱ्याचा माइकही तोच स्पीकर ऐकतो. त्या आवाजावर जुळवलं तर उशीर दोघांना सारखाच, आपोआप वजा होतो. टाइमकोडवर, म्हणजे आवाज न ऐकता घड्याळाच्या आकड्यांवर, जुळवणाऱ्यांनाच त्रास. जास्त फसवतं ते अंतर. आवाजाला ३४ मीटर जायला साधारण दशांश सेकंद लागतो, म्हणजे अडीच फ्रेम. गाणारी किनाऱ्यावर, स्पीकर तिच्या पायाशी, कॅमेरा लांबून टेली लेन्सवर: जुळवलेलं सगळं अडीच फ्रेम चुकलेलं. लांबच्या शॉटला टाळी दिसू द्या, ऐकू येण्यावर विसंबू नका.

सुरपेटी

हीच युक्ती उलट करून केलेलं थोर काम म्हणजे रेडिओहेडचं ‘नो सरप्रायझेस’ (दिग्दर्शक ग्रँट जी). थॉम यॉर्कच्या डोक्यावर काचेचं शिरस्त्राण, त्यात पाणी चढत जातं, तो गातोय आणि मग बुडतो. पडद्यावर श्वास कोंडलेला वेळ मिनिटभराच्या वर आहे. सेटवर त्या भागासाठी गाणं जलद वाजवलं आणि कॅमेरा जास्त फ्रेमवर चालवला, म्हणून त्याला प्रत्यक्षात बरंच कमी थांबावं लागलं. पाणी उतरल्यावर तो पुन्हा गायला लागतो आणि ओठ बिनचूक. आणि आपल्या विषयापुरतं: ही चाकोरी किती निमूट पाळली आहे बघा! एक चेहरा, एक क्लोजअप, ओठ. अगदी पहिला खांब. फक्त त्याच खांबाला गळफास केला.

घाटावरचा

उलटं म्हटलंत तर कोल्डप्लेचं ‘द सायंटिस्ट’ हवंच. आख्खी गोष्ट उलटी चालते, गायकाचे ओठ मात्र सुलटे. ख्रिस मार्टिनने गाणं उलटं पाठ केलं, त्याला महिनाभर लागला म्हणतात.

प्रकाश_कमी_आहे

नवा_ट्रॅक हे वाचून लगेच करायला जाईल म्हणून सांगतो. शब्द उलटे करून चालत नाही, ध्वनी उलटे करावे लागतात. नुसता आवाजाचा ट्रॅक उलटा करून तुकड्यातुकड्याने ऐकायचा, ऐकू येईल तसं देवनागरीत उतरवायचं आणि ते घोकायचं. फसतं ते प, ब, म वर: एरवी ओठ मिटून उघडतात, इथे आवाजानंतर मिटायला हवेत. चालही सांभाळा. पाठमोरं चालताना आधी पंजा टेकवा आणि टाच शेवटी उचला, म्हणजे उलटं केल्यावर टाच आधी टेकल्यासारखी दिसते.

नवा_ट्रॅक

नको, स्लो मोशन पुरे. दंडवत.

मागची_रांग

आता मराठी यूट्यूबकडे. इथे आता नवी चाकोरी ठरवतोय तो व्हिडिओ नाहीच, रील ठरवतंय. १९२० बाय १०८० च्या चौकटीतून उभी ९:१६ ची पट्टी कापली तर रुंदी उरते जेमतेम ६०७ पिक्सेल. त्यामुळे मुखड्याची हुक स्टेप, म्हणजे लक्षात राहणारी नाचाची खूण, मधोमध, दोघांपेक्षा जास्त माणसं नाहीत, हात बाजूला फाकायचे नाहीत, वर न्यायचे. संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ (२०२४) ज्या तऱ्हेने पसरलं त्यानंतर तर नाच बसवणारे आधी ते पंधरा सेकंद बसवतात, बाकी गाणं भरतात. कोळीगीतांचा जुना व्हीसीडीतला साचा, म्हणजे बारा जणांची आडवी रांग, याच्यामुळेच गेला. रांग उभ्या पट्टीत मावत नाही. सौंदर्यदृष्टी वगैरे काही बदललेली नाही.

फुलपात्र

मागची_रांग, रांग कमी झाली पण गेलेली नाही. ड्रोन शॉटसाठी ठेवतात. वरून नऊवारीच्या रंगांची रांग दिसते, मग कट, मग दोघंच.

आणि मराठीत चाकोरीबाहेरचं हवं तर रॅप बघा. गल्ली रॅपचा साचा ‘मेरे गली में’पासून (डिव्हाइन आणि नेझी, २०१५) ठरला: चाळ, अरुंद बोळ, मागे दाटीने उभे दोस्त, अमेरिकन गाडीच्या जागी बाइक. स्वदेशी या मुंबईच्या हिपहॉप गटाचं ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) तिथून बाहेर पडून मुंबईतल्या आरेच्या जंगलात जातं, तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन. शेखी मिरवणं हा रॅपचा जुना धर्म, पण इथे मिरवायची वस्तू म्हणजे जमीन.

बेसवाला

मला काळजी आहे ती मोडलेल्या चाकोरीचीच पुढे चाकोरी होते याची. निर्वाणाच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’मध्ये (१९९१, सॅम्युएल बेयर) शाळेच्या जिममध्ये चिअरलीडर्सच्या छातीवर अराजकवादाचा ‘ए’ होता. टिंगल होती ती. दोन-तीन वर्षांत मळकट पिवळा उजेड आणि धूर हाच ग्रंज या रॉक प्रकाराचा गणवेश. मग त्यांनीच १९९२ मध्ये ‘इन ब्लूम’ला साठच्या दशकातल्या टीव्ही कार्यक्रमाचं सोंग घेतलं, सूटबूट आणि नंतर बायकी झगे. स्वतःच्याच टिंगलीची टिंगल.

कातरी

आणि कधीकधी कमी करणं हेच मोडणं असतं. बियॉन्सेचं ‘सिंगल लेडीज’ (२००८, जेक नावा): काळंपांढरं, रिकामी पार्श्वभूमी, तिघी. त्या दर्जाच्या गायिकेकडून तेव्हा दहा सेट आणि वीस पोशाख अपेक्षित. नाचाचा सांगाडा बॉब फॉसीच्या १९६९ च्या ‘मेक्सिकन ब्रेकफास्ट’वरून उचललेला. मुख्य म्हणजे कट फार कमी आणि तेही न जाणवणारे, उजेड बदलताना किंवा कॅमेरा फिरताना दडवलेले. दुसरा खांब, तिरपी_चौकट यांच्या यादीतला, मुख्य प्रवाहात इतक्या उघडपणे कोणी हलवला असेल असं वाटत नाही.

मागची_रांग

पण त्यालाही रीलचाच नियम लावा की! कट कमी, पूर्ण शरीर चौकटीत, म्हणून तर लोकांना नाच उतरवता आला. रील येण्याच्या कितीतरी आधी.

तिरपी_चौकट

हे चांगलं पकडलंत. तिसऱ्या खांबाला मात्र बेसवाल्याचं उदाहरण सोडलं तर कोणी हात लावला नाही इथे. मुखडा परतला की दृश्य परततं हे मोडायचं तर गाण्याच्या लांबीवरचं राज्यच मोडावं लागतं. ते जॉन लँडिसने ‘थ्रिलर’मध्ये केलं (२ डिसेंबर १९८३ ला एमटीव्हीवर प्रथम दाखवला). साडेतेरा मिनिटांच्या वर लांबी. कडवी मागेपुढे केली, मुखडा थांबवून ठेवला, नाचाच्या जागी वाद्यांचा तुकडा लांबवला. म्हणजे चित्रासाठी गाणं कापलं. एरवी गाण्यासाठी चित्र कापतात. आजच्या मराठी व्हिडिओंत सुरुवातीला मिनिटभर संवाद असतात, तो त्याचाच धाकटा भाऊ, पण एकदा गाणं सुरू झालं की कोणी त्याला हात लावत नाही. गाण्याच्या मधोमध थांबणारं मराठी उदाहरण कोणाला ठाऊक असेल तर द्या.

नवा_ट्रॅक

उदाहरण नाही, अडचण आहे. किनाऱ्यावर ड्रोनचाही एक शॉट आहे, गायिका गातेय. ड्रोनला माइकच नाही, आणि एवढ्या उंचीवरून टाळी दिसणार नाही. जुळवायचं कशावर?

प्रकाश_कमी_आहे

तिसऱ्या बीपला गायिकेने दोन्ही हात डोक्यावर नेऊन खाड्कन खाली आणायचे. वरून हात दिसतात, टाळी दिसत नाही. संध्याकाळ असेल तर मोबाइलची बॅटरी एकदा लावून बंद करा. उंची जास्त असेल तर ओठांची चिंताच सोडा, पावलं ठेक्यात पडली की पुरे. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा, मुंबईच्या किनाऱ्यावर बरेच भाग लाल आहेत. आणि भरतीची वेळ बघून जा. पहिल्या टेकला असलेली वाळू चौथ्या टेकला नसते, मग कंटिन्युइटीची बोंब.

चहात_बिस्किट

चौथ्या टेकला स्पीकरही नसतो.